खडकीला जाण्याआधी आपल्या माणसाचं नाव कसं शोधावं

जर्मनच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, गेलेला पणजोबा पुण्यात खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत सापडेल, असं कोणी सांगितलं असेल तर ते आधी डोक्यातून काढा. आपल्या खान्देशातल्या पारोळ्याच्या चुलत आजोबांना घेऊन मी असाच गेलो होतो. भर उन्हात दगडांच्या रांगा पालथ्या घातल्या, आणि शेवटी आजोबा म्हणाले, "आपला मानूस आठे नही शे." म्हणजे इथे नाही. पुन्हा कोणावर ही पाळी येऊ नये.

खडकीतल्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमची देखभाल होणं अवघड होतं, तिथून त्या इथे आणल्या. तिथल्याच पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर १,८०० हून अधिक नावं आहेत, पण ती भारतातच मरण पावलेल्यांची. तुमचा माणूस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेला असेल तर तो इथे नसणार. शिवाय हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला जाई, म्हणून कबर नसते. नाव असतं ते दूरच्या एखाद्या स्मारकावर किंवा त्याच्या नोंदवहीत.

म्हणून आधी या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर नाव शोधा. ते फुकट आहे. खरी अडचण इथेच येते.

पाटील टाकून शोधू नका. मी त्यात तीन महिने घालवले. आपल्याकडे पाटीलकी घरात असते, आडनाव मात्र पवार, सोनवणे, सूर्यवंशी असं काही वेगळंच असतं, आणि भरतीच्या कागदावर तेच लागलेलं असू शकतं. म्हणून वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या वहीतलं किंवा म्हाताऱ्यांच्या तोंडचं मूळ कूळ आधी विचारून घ्या. भारतीय जवानांचं पूर्ण नाव बहुधा आडनावाच्या रकान्यातच घातलेलं असतं, त्यामुळे तिथे पहिलं नाव टाकून बघा. साहेबांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय: पवारचं पोवार, जाधवचं जादव. प्रत्येक रूप वेगळं टाकावं लागतं.

त्याहून खात्रीचा रस्ता गावाचा. अधिक माहितीच्या रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. तिथे जळगाव जिल्हा शोधाल तर काही मिळणार नाही. १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले, त्यामुळे जळगावकडची गावं पूर्व खान्देशात आणि धुळे-नंदुरबारकडची पश्चिम खान्देशात येतात. धुळ्याला तेव्हा धुलिया लिहीत. पलटणीच्या नावात मराठा हा शब्दही जुन्या स्पेलिंगनेच टाका: मधे एच आणि दोन टी. एवढं जुळलं की बापाचं नाव ताडून बघा. नुसतं नाव आणि गाव जुळलं म्हणून आपलाच माणूस समजू नका.

नाव इराकमधल्या बसरा स्मारकाच्या नोंदीत निघालं तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथल्या भिंतीवर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची तेवढी आहेत. शिपायांची नावं नोंदवहीत गेली. मला याचा अजूनही राग येतो. नाव दिल्लीच्या इंडिया गेटवर निघालं, तर मात्र ते डोळ्यांनी बघता येतं.

हे झाल्यावर खडकीला अवश्य जा. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे, तिथून रिक्षाने होळकर पुलाजवळ उतरा. अधिकारी असो की शिपाई, सगळे दगड सारख्याच घडणीचे. पलटणीचं चिन्ह, हुद्दा, नाव, तारीख, खाली घरच्यांनी दिलेली ओळ. दगडांवर हळद-कुंकू लावू नका, फुलं ठेवा. याच परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांसाठी घोरपडीचं युद्ध स्मारक बघा.

नोंदीतली मृत्यूची तारीख नीट लिहून घ्या आणि गुरुजींकडून जुन्या पंचांगात तिथी काढून घ्या. तिथी माहीत नसल्याने पारोळ्याच्या घरी इतकी वर्षं सर्वपित्री अमावास्येलाच पान वाढलं जायचं. आता अष्टमीला वाढतात.