कीवर्ड्स लावले, तरी चित्र कुणी बघत का नाही?

चित्र ऑनलाइन विकायला ठेवताना त्याला शोधशब्द, म्हणजे कीवर्ड्स, लावतात. त्यामुळे खरंच लोक येतात का? येतात, पण जिथे माणूस काहीतरी शोधायला येतो तिथेच. कलावस्तूंचा ऑनलाइन बाजार एट्सी, चित्रं शोधून जमवायचं पिंटरेस्ट, फोटो-चित्रांचे वापरहक्क विकणारं अडोबी स्टॉक ही अशी ठिकाणं. इन्स्टाग्रामसाठी हॅशटॅग जुळवत रात्री जागवू नका, डिसेंबर २०२४ पासून तिथे हॅशटॅग फॉलोसुद्धा करता येत नाही. आणि तुमच्या वेबसाइटचा कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. रँकिंगसाठी तो टॅग वापरत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय.

मी एट्सीवर गणपती, जुने वाडे, कोकणातली कौलारू घरं यांचे प्रिंट विकते. तिथे एका लिस्टिंगला, म्हणजे विक्रीला ठेवलेल्या एका वस्तूला, १३ टॅग (कीवर्ड्सचं तिथलं नाव) मिळतात, प्रत्येकात जास्तीत जास्त २० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. जागा इतकी थोडी, की जोरात चालणाऱ्या दुकानांचे टॅग उचलायचा मोह होतोच. मलाही झाला, आणि गणपतीच्या प्रिंटला 'बोहो', 'मंडला', 'योगा' असले टॅग लागले.

इथे जरा सावकाश वाचा. बोहो मंडला शोधणाऱ्या बाईला माझा गणपती दिसतो आणि ती पुढे सरकते. तिच्यासारखी आणखी कितीतरी माणसं तशीच पुढे जातात. एट्सी हे सगळं मोजत असतं. शोधात दिसलेल्या वस्तूवर लोक क्लिक करतात का, ती फेव्हरिट करतात का, विकत घेतात का, यावर ती पुढे किती वर दिसणार हे बऱ्याच अंशी ठरतं. म्हणजे भलत्याच लोकांसमोर दिसणं हे न दिसण्यापेक्षा वाईट! ज्याला देवघरासाठी गणपतीच हवा होता, त्याच्याही शोधात तुम्ही खाली घसरता. दोष चित्राचा नसतो, पण आपण रंग बदलतो, फ्रेम बदलतो, किंमत उतरवतो आणि टॅगकडे बघतच नाही.

म्हणून टॅग लिहिताना घेणारा डोळ्यांसमोर आणा. कुठल्या भिंतीसाठी, कुणाला द्यायला, कुठल्या प्रसंगी? 'पूजा रूम डेकोर', 'हाउसवॉर्मिंग गिफ्ट', 'गणेशा वॉल आर्ट' हे तिन्ही इंग्रजीत लिहिले तरी २० अक्षरांत बसतात. नुसतं 'आर्ट' लिहून एक जागा घालवू नका. रंग आणि प्रसंग ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे वस्तूच्या माहितीच्या ठरलेल्या रकान्यांत, भरले की ते टॅगसारखेच धरले जातात, पुन्हा लिहायची गरज नाही.

अडोबी स्टॉकवर ४९ कीवर्ड्सपर्यंत मुभा आहे, पण तिथे क्रम बघतात. पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे. ते चित्रात जे दिसतं त्याचेच हवेत, 'शांती' आणि 'अध्यात्म' मागून येऊ देत. एका चित्राची यादी सगळ्या मालिकेला चिकटवणं तर बंदच करा.

तयार कीवर्ड्सच्या याद्या विकणाऱ्या गुरूंबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पैसे देऊ नका. तीच यादी तुमच्यासारख्या शेकडो जणांकडे असते. शेजारी बसून तुमचंच एक चित्र घेऊन 'हे कोण विकत घेईल?' असं विचारणारी व्यक्ती भेटली, तर मात्र तिला सोडू नका.

सुरुवातीचे महिने कोरडे जातात. माझेही गेले, फार वाईट वाटायचं. त्यावरून स्वतःच्या हाताला कमी लेखू नका. कीवर्ड तुमचं चित्र फक्त समोर आणून ठेवतो, क्लिक करायला लावतो तो पहिला फोटो. व्ह्यूज आहेत पण फेव्हरिट नाहीत, तर आधी एट्सीच्या शॉप स्टॅट्समध्ये (दुकानाच्या आकडेवारीत) लोक कुठल्या शब्दांवरून आले ते बघा. शब्द बरोबर असतील तर फोटो बदला, चुकीचे असतील तर दोन-तीनच टॅग बदलून काही आठवडे थांबा. सगळे एकदम बदललेत तर कशानं फरक पडला ते कळणारच नाही. गणपतीचं काम ऑगस्टमध्ये टाकून उपयोग नाही. परदेशी टपालाचे दिवस धरून ते जूनपर्यंत लिस्ट झालेलं असू द्या.