जुगाऱ्याच्या घरातले नवे-जुने : या चुका टाळा

सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून मी यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात 29 वर्षे काम केले. पीककर्जाच्या निमित्ताने माझ्या टेबलासमोर बसलेल्या कुटुंबांपैकी कोणाच्या घरात सट्टापट्टी म्हणजे मटका, पत्ते किंवा अलीकडे मोबाईलवरची रमी शिरली आहे हे अर्जावर कधी लिहिलेले नसे. पण बियाण्यासाठी उचललेली रक्कम कृषी केंद्रापर्यंत पोहोचली नाही, की आठ दिवसांत गावभर कळत असे. आता मी निवृत्त आहे, तरीही कोणाची आई, कोणाची बायको, कोणाचा थोरला भाऊ अजून घरी येऊन बसतो आणि प्रत्येक जण त्याच त्या चुका करून झाल्यावरच येतो. त्या सगळ्या मी माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत स्वतः केल्या असल्याने मला त्यांचा क्रमसुद्धा पाठ आहे.

कर्ज फेडून मोकळे होणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच, आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा घरातला सर्वांत जबाबदार माणूस असतो.

आमच्या भागात ‘नवे-जुने’ हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. 31 मार्चच्या आत जुने पीककर्ज भरले की नवे मंजूर होते, म्हणून शेतकरी चार-आठ दिवसांसाठी कोणाकडून तरी रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज घेतो आणि त्यातून त्या उचललेल्या रकमेची परतफेड करतो. कागद नवा होतो, कर्ज तेवढेच राहते आणि वर व्याज चढते. हा खेळ मी दर मार्चमध्ये शेकडो खात्यांवर पाहिला, त्यावर सभासदांना व्याख्यानेही दिली, आणि माझ्या स्वतःच्या घरात तोच प्रकार आठ वर्षे चालला तरी मला ओळखू आला नाही.

पहिल्यांदा, 2012 मध्ये, भावावर 38,000 रुपये निघाले. आम्ही बैलजोडी विकली आणि देणे चुकते केले. तो रडला, आईच्या पायावर हात ठेवून म्हणाला, “मायची आन, आता पुन्हा हात नाही लावत.” 2016 मध्ये 1,15,000 निघाले, त्या वर्षीचा कापसाचा सगळा चुकारा आणि भावजयीची पोत त्यात गेली. 2020 मध्ये 2,60,000 निघाले तेव्हा मी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली, सकाळी अकरा वाजता सावकाराच्या ओट्यावर बसून ती मोजून दिली, चिठ्ठी फाडून घेतली आणि सुटकेचा श्वास टाकत घरी येऊन जेवलो. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच सावकाराने त्याच माणसाला 20,000 रुपये पुन्हा दिले.

मी संतापून सावकाराकडे निघालो होतो. भासरा म्हणून माझ्यासमोर एरवी तोंड न उघडणारी भावजय दाराआडून म्हणाली, “तुम्ही फेडता म्हणूनच त्यायले लोक पुन्हा देतात, भाऊजी.” एवढी साधी गोष्ट 29 वर्षे कर्जवाटप करणाऱ्याला सुचू नये याची मला आजही लाज वाटते. मी फेडले ते त्याचे कर्ज होते, पण त्यामुळे बाजारात त्याची पत पुन्हा उभी राहिली होती, आणि देणाऱ्याला खात्री पटली होती की या घराचा थोरला कधी ना कधी येऊन भरतोच.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम शंभर पानी वही विकत आणायला लावतो. त्या वहीत जुगार खेळणाऱ्यानेच, स्वतःच्या अक्षरात, कोणाचे, किती, केव्हापासून आणि कागद काय दिला हे लिहायचे. पहिल्या दिवशी खरा आकडा कधीच येत नाही; भावाने पहिल्या बैठकीत 90,000 सांगितले होते आणि तिसऱ्या आठवड्यात ते 2,60,000 झाले. म्हणून मी पहिली चार पाने मुद्दाम कोरी ठेवायला सांगतो, आणि नवा आकडा निघाल्यावर कोणी आरडाओरडा करायचा नाही हे घरच्यांकडून आधी कबूल करून घेतो, कारण ओरडा झाला की उरलेले दोन सावकार वहीत येतच नाहीत.

मग त्या यादीची छाननी करावी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यामुळे खेळात जिंकलेल्या रकमेसाठी आकडेवाल्याला किंवा पत्त्यांच्या अड्डेवाल्याला न्यायालयात दावा लावता येत नाही. हातउसने घेतलेले पैसे ही वेगळी गोष्ट आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणाऱ्याविरुद्ध महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते, विशेषतः त्याने शेताचे कागद अडकवले असतील तर. जे देणे खरे उरते ते त्याने स्वतःच्या मजुरीतून आणि स्वतःच्या हिश्श्याच्या पिकातून, लहान हप्त्यांनी, घरच्या एका माणसाच्या देखत भरावे. त्याला पाच-सहा वर्षे लागतील, लागू द्यावीत.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण हल्ली ती फार दिसते. नवऱ्याचे देणे भागवण्यासाठी बायकोच्या नावावर बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सवाल्याकडून कर्ज उचलू नका. दर आठवड्याला वसुलीसाठी बसणाऱ्या बायकांच्या बैठकीत मान खाली घालून ती बसते आणि तो तिकडे मटक्याच्या ‘क्लोज’ची, म्हणजे शेवटच्या आकड्याची, वाट पाहत असतो.

हिशेब समजावून सांगणे

शिकलेल्या माणसांची ही आवडती चूक आहे, आणि मी ती मोठ्या अभिमानाने केली. भावाला समोर बसवून मी पाटीवर मांडले: मटक्यात आकडे दहा, भाव एकाला नऊ, प्रत्येक आकड्यावर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि कोणताही आकडा आला तरी नव्वदच परत येतात, म्हणजे शंभरामागे दहा रुपये खेळवणाऱ्याचे ठरलेलेच. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “भाऊ, हे मले बी समजते. पण काल फक्त एका घरानं हुकला.”

त्या ‘एका घराने हुकला’मध्ये सगळा रोग आहे. थोडक्यात चुकलेला डाव खेळणाऱ्याला हरल्यासारखा वाटतच नाही. जवळ आल्यासारखा वाटतो. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की माणूस जास्त चिवटपणे खेळत राहतो, आणि हरलेले पैसे खेळूनच परत मिळवायचे हा हट्ट त्यावर चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात जुगाराच्या व्यसनाला आजार म्हणून जागा आहे आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी 2013 मध्ये त्याला दारू व इतर मादक पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवले, ते उगीच नाही. बेरीज-वजाबाकीचे औषध इथे लागू पडत नाही.

जाता जाता, या मटक्याची सुरुवातच मुळी कापसावरून झाली. न्यूयॉर्कच्या बाजारातून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैसे लागत, त्यातूनच ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आले. ते भाव येणे थांबल्यावर चिठ्ठ्या माठातून निघू लागल्या. शेतातल्या कापसाच्या भावावर ज्याचे काहीच चालत नाही, त्याच माणसाच्या खिशात ती चिठ्ठी सापडते.

‘लग्न करून द्या, सुधारेल’

या वाक्याविषयी मला सभ्य भाषेत लिहिणे अवघड जाते. व्यसनी मुलाचे लग्न लावून देणे म्हणजे घरच्यांना न जमलेले काम विशी-बाविशीतल्या परक्या मुलीच्या अंगावर ढकलणे. मुलीकडच्यांपासून लपवून केलेले असे एक लग्न मी जवळून पाहिले आहे. सहा महिन्यांत अंगावरचे सोने गेले, वर्षभरात मुलगी माहेरी गेली, आणि दोन्ही घरांनी दोष तिच्या पायगुणाला दिला. जुगार थांबून निदान दोन हंगामांचे पैसे त्याच्या हातून नीट गेलेले दिसल्याशिवाय स्थळ पाहू नये, आणि पाहिले तर सांगून पाहावे.

शपथेचेही तसेच आहे. देवाच्या, आईच्या, पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्या क्षणी खोटी नसते, परंतु ती मोडली की माणूस खेळ लपवतो, कारण आता कबुली दिली तर शपथ मोडल्याचेही पाप कबूल करावे लागते. मी कोणाकडूनही शपथ घेत नाही. मोबाईल, एटीएम कार्ड आणि सातबारा यांची व्यवस्था लावतो.

ती व्यवस्था अशी: खात्यावरची यूपीआय सेवा बंद करावी, एटीएम कार्ड घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावे, शक्य असेल तर दोघांच्या सहीशिवाय रक्कम निघणार नाही असे खाते उघडावे. हे सगळे त्याच्या संमतीने आणि त्याच्यासमोर व्हावे; चोरून केले तर तो चोरूनच मोडतो. पीएम किसानचा 2,000 रुपयांचा हप्ता जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर आला की भावाचा हात शिवशिवत असे, म्हणून तो हप्ता आला की त्याच दिवशी किराणा भरायचा हे आम्ही ठरवून टाकले. दर दोन महिन्यांनी सातबारा काढून ‘इतर अधिकार’ या रकान्यात नवा बोजा चढला आहे का, तेही पाहावे.

ज्यांना एक-एक ओळ पुरे

मोबाईल दगडावर आपटू नका. दुसरा हप्त्यावर मिळतो, आणि तो हप्ताही वहीत लिहावा लागतो.

चौकात, चार लोकांसमोर मारू किंवा अपमान करू नका. तो घरी न येता अड्ड्यावरच जाईल.

कापसाची गाडी घेऊन त्याला एकट्याला बाजारात पाठवू नका.

जिंकून आला त्या दिवशी त्याच्या पैशाचे मटण शिजवू नका. घर खूश झालेले पाहण्यासाठीही माणूस खेळतो.

कायद्यावर विसंबू नका. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला आणि तो चांगलाच आहे, पण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे, तिथे दारू मिळते की नाही हे तिथल्या कोणालाही विचारावे.

‘मरून जातो’ हे वाक्य नाटक समजणे

इथे मात्र मी कोणाचीही घाई किंवा हुशारी चालू देत नाही. देणे उघड झाल्याचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात, आणि आपल्या घरोघरी कपाशीच्या फवारणीचे औषध कोपऱ्यात पडलेले असते. ज्या दिवशी वही उघडली जाते, त्याच दिवशी ते औषध घरातून आणि शेतातल्या कोठ्यातून उचलून दुसऱ्याच्या कुलपात ठेवावे. जिवाचे बरे-वाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. थकलेल्या बायकोने किंवा आईनेही तो क्रमांक लावावा. तो फक्त खेळणाऱ्यासाठी नाही.

दोन गोळ्यांत बरा होण्याची अपेक्षा

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथून सुरुवात करावी. जुगार सोडवणारे खास इंजेक्शन नाही. समुपदेशकासमोर आठवड्यामागून आठवडे बसावे लागते, आणि सोबत दारू किंवा उदासीनता असेल तर तिचाही उपचार घ्यावा लागतो. पहिल्या भेटीनंतर “काही फरक नाही” म्हणून बुवाकडे जाणारी घरे मी इतकी पाहिली आहेत, की आता मी बसचे भाडे मोजून निदान सहा फेऱ्यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायला लावतो. तुरीला सहा महिने देणाऱ्या माणसाने भावाला सहा आठवडे द्यायला काय हरकत आहे?

सगळे करूनही पुन्हा खेळला तर

खेळतो. भावाचे चौदा महिने नीट गेले आणि पोळ्याच्या संध्याकाळी बैल फिरवून आल्यावर तो पत्त्यांत बसला, 3,200 रुपये हरला. अशा वेळी पहिला प्रश्न ‘का खेळलास’ हा नसावा, कारण त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक नसते. पैसे हातात कोठून आले, सोबत कोण होते आणि वेळ कोणती होती, एवढेच शोधावे. आमच्याकडे उत्तर निघाले की बैलांच्या सजावटीसाठी दिलेल्या रकमेतले पैसे उरले होते आणि ते परत मागायचे आम्हीच विसरलो होतो.

त्या रात्री तो अकरा वाजता आला आणि कोणी विचारण्याआधी त्याने स्वतःच सांगितले. भावजयीने ताट वाढले. हिशेब सकाळी झाला, 3,200 वहीत त्याच्या अक्षरात चढले, आणि ते त्याने कापूस वेचणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात गाडी भरायला जाऊन फेडले. मी त्यात एक रुपयाही घातला नाही. पुढच्या पोळ्याला झुली, बाशिंगे आणि रंग मी स्वतः बाजारातून आणून दिले.