डबलसीटसाठी जुनी बाइक घेताय? या चुका टाळा

घरात एक गाडी असतेच. ऑफिसला जायची, नाहीतर पोरानं हौसेनं घेतलेली. मग वाटतं, दोघांना गावी जायला, रविवारी बाहेर पडायला आणखी एक असावी. बजेट पन्नास-साठ हजार, म्हणजे सेकंडहँडच. आणि सौदा ठरतो तो पुढे बसणाऱ्याच्या आवडीनं. बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो.

टेस्ट राइड एकट्यानं मारणं

एकट्यानं चालवली की कुठलीही गाडी बरी वाटते. तिची दुखणी बाहेर येतात ती डबलसीट. म्हणून ज्याला मागे बसायचंय त्याला सोबत न्या आणि मालकाला विचारून एखादा चढ, दोन-चार स्पीडब्रेकर असलेला रस्ता धरा. चढावर रेस वाढवली, इंजिन ओरडतंय पण गाडी त्या मानानं पळत नाही, तर क्लच प्लेटा संपत आल्यात. स्पीडब्रेकरवर मागून ठक्क आवाज आला तर शॉकअप बसलेत. त्यांच्या दांड्यावर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलंय. उतारावर मागचा ब्रेक शेवटपर्यंत दाबावा लागत असेल तर ब्रेक लायनरचा खर्च धरून चाला. हे सगळं किरकोळ वाटतं, पण भाव पाडायला याच गोष्टी कामी येतात.

खाली उतरल्यावर मागच्याला विचारा: पुढे घसरायला होत होतं का? गुडघे दुमडून बसावं लागलं का? धरायला काय होतं? उत्तर तोंडावरच दिसतं.

सीसी आणि रुबाब बघून घेणं

आर15 किंवा एनएस200 भावात मिळाली म्हणून घेऊ नका. त्यांची मागची सीट वेगळी, उंच आणि आखूड. पुण्याहून महाबळेश्वरला जाईपर्यंत मागच्याची पाठ बोलायला लागते. अ‍ॅव्हेंजर पुढच्याला सोफा, मागच्याला पाट. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 चांगली, पण तिचं वजन 190 किलोच्या पुढे. दोघांना बसवून उतारावरच्या पार्किंगमधून ती मागे ढकलून बघा, मग ठरवा. शिवाय काही गाड्यांवर मागची गादी नंतर बाहेरून बसवलेली असते.

उलट स्प्लेंडर सपाट रस्त्यावर डबलसीट मजेत जाते, पण ताम्हिणीत सामानासकट चढवायची तर जीव घाबरा होतो. माझ्या मते या बजेटला युनिकॉर्नसारखी 150-160 सीसीची, लांब सलग सीटची गाडी सर्वांत बरी. घाटात फारसं जायचं नसेल तर शाइन 125 घ्या, पैसे वाचतील. दिसायला साध्या आहेत, असू देत.

आणखी एक. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. दोघांचं वजन असताना ओल्या रस्त्यावर त्याचा फरक कळतो. थोडे पैसे जास्त गेले तरी त्यानंतरची गाडी बघा.

साडीगार्ड काढलेली गाडी

लुकसाठी पोरं सर्वांत आधी साडीगार्ड आणि मागची पकड काढतात. मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताला पकड, फुटरेस्ट आणि निदान अर्धं मागचं चाक झाकणारं संरक्षण लागतं. ओढणी चाकात गेली की काय होतं ते सांगायला नको. जुने भाग मालकाकडे माळ्यावर पडलेले असतात, मागून घ्या. मागच्या फुटरेस्टवर उभं राहून बघा. वेल्डिंग केलेलं असेल तर गाडी कधीतरी पडलीय.

मागचं चाक न तपासणं

मेन स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेत. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चकतीवरची) चेन मागे ओढा, दात उघडे पडले तर चेन किट बदलायचं. टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर ओझ्याला भरवशाचा नाही.

घेतल्यावर गाडी डुलते, मागून बसते

गॅरेजला पळण्याआधी हवा बघा. टायरच्या हवेचे आकडे चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतात, आणि बहुतेक गाड्यांना मागच्या चाकाचा डबलसीटचा आकडा जास्त असतो. पंपावर मात्र सगळ्यांना एकच हवा मारतात. दोन शॉकअपवाल्या गाडीत खालच्या खाचा पान्यानं एक-दोन घर फिरवून स्प्रिंग कडक करता येते. दोन्ही बाजूंना सारखंच घर ठेवा. मागे वजन आलं की हेडलाइट वर जातो, समोरचे शिव्या घालतात, तोही खाली घ्या. एवढं करूनही डुलत असेल तर मग बुश आणि बेअरिंग.

कागदांत घाई

मालकी बदलाच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन गप्प बसू नका, आरसीवर आपलं नाव लगेच चढवा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्जाचा बोजा उतरवायचा 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आधी, पैसे नंतर. थकलेलं चलान ऑनलाइन दिसतं. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा नंबर प्लेट) बसलीय का बघा. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला द्या आणि पॉलिसी वाचा: नुसत्या थर्ड पार्टीत मागे बसणारा धरलेला असेलच असं नाही. पिलियनचं, म्हणजे मागच्याचं, कव्हर वेगळं मागावं लागतं. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे, तेव्हा दुसऱ्या हेल्मेटचे पैसेही त्या पन्नास-साठ हजारातच धरा.