व्ही-१२ची गाडी नागपुरात सांभाळताना या चुका टाळा

व्ही-१२ इंजिन बिघडले तरी बोंब मारत नाही, हीच त्याची खोड. एका क्रँकशाफ्टवर सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा, म्हणजे दोन बँका, आणि क्रँक ६० अंश फिरली की एक स्फोट. चार सिलिंडरच्या गाडीत एक प्लग मेला की स्टिअरिंग थरथरते, शेजारी बसलेल्यालाही मिसिंग, म्हणजे सिलिंडर न पेटणे, कळते. इथे बारातला एक मेला तर आयडलवर जेमतेम जाणवते. चालू इंजिनवर नाणे उभे करून दाखवण्याचा शौकिनांचा खेळ जुना आहे, पण नाणे उभे राहिले म्हणजे बाराही सिलिंडर पेटताहेत असे ठरत नाही. कानावर भरवसा ठेवणे ही पहिली चूक. पुढच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातल्या.

प्लगची वायर काढून मिसिंग शोधणे

चालू इंजिनवर एकेक वायर काढून आवाज ऐकायचा, ही कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर तिने मॉड्यूल किंवा कॉइल जाऊ शकते, आणि न जळलेले पेट्रोल थेट एक्झॉस्टमध्ये उतरते. त्यापेक्षा पुठ्ठ्याला बारा भोके पाडा, त्यावर एका बँकेचे १ए ते ६ए आणि दुसऱ्या बँकेचे १बी ते ६बी लिहा, आणि काढलेला प्रत्येक प्लग आपापल्या भोकात ठेवा. एकच ओला निघाला तर तो सिलिंडर; सलग सहा काळे निघाले तर दोष त्या अख्ख्या बँकेचा. मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने बघा: इंजिन कोमट, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल पंप व इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरीला चार्जर. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे पाच-सहा झटके पुरतात. आकडा किती यापेक्षा बाराही आकडे एकमेकांजवळ आहेत का, ते महत्त्वाचे. १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबून कारण शोधा.

जॅग्वारमध्ये पुढचे १ए आणि १बी एसी कंप्रेसरच्या अडचणीत येतात, म्हणून "दहा बदलले, दोन राहू दिले" असे काम सर्रास होते. ते स्वीकारू नका. १९८१नंतरच्या एचई (हाय एफिशियन्सी) इंजिनात प्लगची गॅप ०.०२५ इंच, म्हणजे साधारण ०.६४ मिमी, आणि प्लग टेपर सीटचा, म्हणजे निमुळत्या बैठकीचा, वॉशर नसलेला. साध्या प्लगच्या जोराने आवळला तर ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात.

व्हीच्या खळग्याकडे दुर्लक्ष

जॅग्वारची ५.३ लिटर व्ही-१२ (५३४३ सीसी) १९७१मध्ये ई-टाइपच्या तिसऱ्या मालिकेत आली. तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग, दोन बँकांच्या मधल्या खळग्यात बसतो आणि गाडी बंद केल्यावरही तिथली उष्णता निघायला जागा नसते. त्या भट्टीत आतल्या वजनांचे ग्रीस सुकते आणि ॲडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी यंत्रणा, जागीच अडकतो. कॅप काढून आतला फिरता रोटर हाताने फिरवून बघा: थोडा फिरून स्प्रिंगने परत यायला हवा. आला नाही तर गाडी सुरू होईल, चालेलही, पण पिकअप जाईल आणि इंजिन तापेल. मालक रेडिएटर बदलत बसतो, दोष मात्र टायमिंगचा असतो.

याच खळग्यात बारा इंजेक्टरचे आखूड रबरी होज असतात. ते कडक झाले, भेगा पडल्या की गरम इंजिनवर पेट्रोल गळते. या गाड्यांना लागणाऱ्या आगींचे हे ठरलेले कारण. त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, मिळते, आणि जुन्या रबराचे त्याच्याशी पटत नाही. बाजारात मिळेल तो होज घालू नका. फ्लोरोइलास्टोमरचे (पेट्रोल सोसणाऱ्या रबराचे) अस्तर असलेला, एसएई जे३०आर९ छापलेला इंजेक्शनचा होज मागा. दात्यांचा वर्म-ड्राइव्ह क्लिप रबर कापतो, बोल्टने आवळणारा गुळगुळीत क्लिप वापरा. बाराही एकाच वेळी बदला. नंतर चावी फिरवून प्रेशर येऊ द्या, इंजिन सुरू न करता टॉर्चने प्रत्येक जोड बघा, वास घ्या.

१९८९च्या सुमारास आलेल्या मारेली कंपनीच्या इग्निशनच्या जॅग्वार गाड्यांत आणखी धोका आहे. रोटर आतून जळला की एका बँकेचा स्पार्क पूर्ण जातो, गाडी सहा सिलिंडरवर निमूट चालत राहते आणि उरलेल्या सहांचे पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते. चढावर अचानक दम संपला तर "घरापर्यंत नेऊ" म्हणू नका. तिथेच इंजिन बंद करा, फ्लॅटबेड बोलवा. कॅप आणि रोटर जोडीनेच बदला.

नळाचे पाणी आणि एकच काटा

नवतप्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो. "व्ही-१२ तर तापणारच" हे बोलायला सोपे आहे. सुस्थितीतली तापत नाही. बोअरचे पाणी टाकले की कूलरच्या जाळीवर बसतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंटचे कॉन्सन्ट्रेट आणि डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेले) पाणी निम्मे-निम्मे घ्या. जॅग्वारच्या एक्सजे-एसमध्ये वीस लिटरच्या आसपास मावते. पूर्ण रिकामी केल्यावर पंधरा लिटरमध्येच भरली वाटली तर आत हवा आहे. हीटर फुल गरमवर, नाक थोडे उंचावर, आधी इंजिनवरच्या आडव्या पाइपच्या झाकणातून भरा, मग हेडर टँकमधून, म्हणजे कूलंटच्या वरच्या टाकीतून.

दोन बँकांना दोन थर्मोस्टॅट, पण डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर एकाच बँकेवर. दुसरीकडचा अडकला तर काटा गप्पच राहील. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही हाउसिंग मोजा. दहा अंशांहून जास्त फरक संशयास्पद. कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला तर काटा उलट खाली येतो, म्हणजे तापलेली गाडी थंड दिसते. इंजिन एकदा जबर तापले की व्हॉल्व्ह सीट हेडमधून सुटण्याची भीती असते.

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ आणि सावरीचा कापूस साचतो. समोरून फवारा मारून तो आणखी आत जातो. वरची पट्टी काढा आणि मंद धारेने इंजिनच्या बाजूकडून बाहेर धुवा.

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज

बीएमडब्ल्यूच्या १९८७च्या ७५०आयएलमधले एम७० इंजिन (४९८८ सीसी) म्हणजे जवळपास दोन स्वतंत्र इंजिने: दोन कंट्रोल युनिट, आत जाणारी हवा मोजणारे दोन एअर मास मीटर, दोन डिस्ट्रिब्युटर कॅप. त्यामुळे महागडा भाग अंदाजाने मागवण्याची गरज नाही. दोन्ही बँकांचे मीटर अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बँकेत गेला तर मीटर खराब. पण काढण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा. सहा आणि बारा नंबरच्या प्लग-वायरवरचे सिलिंडर ओळखणारे सेन्सर उलटे जोडले गेले तर नवाच घोळ होतो.

मर्सिडीजच्या एम१२० (१९९१, ५९८७ सीसी) इंजिनात १९९५पर्यंतच्या वायरिंगचे आवरण भुगा होऊन पडते. तपासताना वायर वाकवू नका, कनेक्टरमागचे रबर हळूच सरकवून बघा. नंतरच्या बायटर्बो (दोन टर्बोच्या) एम२७५मध्ये २४ प्लग आणि प्रत्येक बँकेला एकच अखंड कॉइल पॅक. मे महिन्यात दुपारी दम जातो आणि सकाळी गाडी ठीक असते, असे झाले तर टर्बोवर खापर फोडण्याआधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाण्याचा पंप फिरतो का बघा.

आठवड्यातून पाच मिनिटे आयडल

ही काळजी नव्हे. एवढ्या मोठ्या इंजिनचे तेल पाच मिनिटांत तापत नाही. बाष्प आणि पेट्रोल तेलातच उरते. पंधरवड्यातून एकदा वर्धा रोडवर अर्धा तास चालवा, नाहीतर बॅटरीला मेंटेनर लावून गाडी बंदच ठेवा. समृद्धी महामार्गावर काढण्याआधी टायरच्या कडेचा चार आकडी शिक्का वाचा: २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली, तरी इतक्या जुन्या टायरवर मे महिन्याच्या दुपारी ताशी १२०चा वेग घेऊ नये.