अमेरिकेच्या लष्करी अकादमीत खेळाडू म्हणून जायचंय? या चुका टाळा

मुलीने हायस्कूलच्या स्टेट मीटला चांगली वेळ नोंदवली, पुढच्याच आठवड्यात नेव्हीच्या कोचचा फोन आला, ‘तू आम्हाला टीममध्ये हवी आहेस’ असं तो म्हणाला आणि घरच्यांनी बाकीच्या कॉलेजांना नाही कळवून टाकलं. अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली टेनिस, स्क्वॉश, पोहणं, तलवारबाजी, रायफल अशा खेळांत पोरं पुढे येताहेत, त्यामुळे असे फोनही येऊ लागले आहेत. पण साध्या विद्यापीठात कोचच्या शब्दाला जे वजन असतं ते इथे नसतं. अकादमीत जागा मिळते ती ‘अपॉइंटमेंट’ने, म्हणजे अकादमीच्या अधिकृत नेमणुकीने, आणि ती देणं कोचच्या हातात नाही. प्रवेश समितीचा होकार, नॉमिनेशन (खासदार-सिनेटर अशांकडून मिळणारं नामांकन), वैद्यकीय मंजुरी आणि शारीरिक चाचणी या चारही गोष्टी खेळाडूला इतरांसारख्याच पार कराव्या लागतात. यातली एक अडली तरी कोच हळहळण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

आधी कुठली अकादमी ते नीट समजून घ्या. वेस्ट पॉइंट (आर्मी, न्यूयॉर्क), ॲनापोलिस (नेव्ही, मेरीलँड) आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज (एअर फोर्स) या तिन्ही एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, खेळतात. कोस्ट गार्डची न्यू लंडनची अकादमी आणि किंग्ज पॉइंटची मर्चंट मरीन अकादमी डिव्हिजन थ्रीमध्ये आहेत. जो मुलगा डिव्हिजन वनच्या वेळेला जेमतेम कमी पडतो, त्याला या दोन ठिकाणी चार वर्षं मनसोक्त खेळायला मिळू शकतं. घरात मात्र त्यांचं नावसुद्धा निघत नाही, ही मोठी चूक आहे. खेळही सगळीकडे सारखे नाहीत. स्क्वॉशची टीम नेव्हीत आहे, तलवारबाजी एअर फोर्समध्ये. बारीक चणीच्या, अमेरिकन फुटबॉलचं वेड असलेल्या मुलांसाठी आर्मी आणि नेव्हीत ‘स्प्रिंट फुटबॉल’ आहे, त्यात वजनाची मर्यादा १७८ पौंड आहे.

नागरिकत्वाचा कागद शेवटी शोधणं

आपल्या लोकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. अपॉइंटमेंटसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर प्रश्न मिटला. भारतात जन्मलेलं असेल तर एक महत्त्वाचा नियम लक्षात ठेवा: मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, ते आईवडिलांजवळ अमेरिकेत राहतं आणि ते १८ वर्षांचं होण्याआधी आईवडिलांपैकी एकाने नागरिकत्व घेतलं, तर मूल आपोआप नागरिक होतं. ‘आपोआप’ झालं तरी पुरावा आपोआप येत नाही. मुलाचा अमेरिकन पासपोर्ट ताबडतोब काढून घ्या. आईवडिलांनी आपला नागरिकत्वाचा शपथविधी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लांबवला आणि मूल अठरा पार झालं, तर त्याला स्वतंत्र अर्ज करून वाट बघत बसावं लागतं, आणि अकादमीत रुजू होण्याचा दिवस कुणासाठी थांबत नाही.

ओसीआय कार्ड असल्याने प्रवेश अडत नाही, ते भारताचं नागरिकत्व नव्हे. मात्र पुढे सुरक्षाविषयक चौकशीच्या फॉर्मवर परदेशी नातेवाईक आणि असे कागद विचारले जातात, तिथे आजी-आजोबा, काका-मामा सगळे खरेखरे लिहायचे. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या भारतीय मुलाला अमेरिकन कोच या मार्गाने घेऊ शकत नाही. परदेशी कॅडेट असतात, पण ते त्यांच्या सरकारमार्फत जातात.

कोचला चुकीचं पत्र, चुकीच्या वेळी

बहुतेक खेळांत डिव्हिजन वनच्या कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलाशी फोन-मेसेजवर बोलता येतं, काही खेळांचं वेळापत्रक वेगळं आहे. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून पालक नाराज होतात. पण नियमामुळे कोचचं तोंड बांधलेलं असतं, वाचायला त्याला बंदी नाही. मुलाने आधीच लिहावं, टीमच्या संकेतस्थळावरचा रिक्रूट फॉर्म भरावा.

पत्र मुलाने लिहायचं, बाबांनी नाही. कोचला दोन ओळींत कळतं की हे कोणी लिहिलंय. विषयाच्या ओळीतच नाव, हायस्कूल संपण्याचं वर्ष, खेळ आणि सर्वोत्तम कामगिरी हवी. पोहणाऱ्याने ‘१०० फ्लाय ५१.२’ (फ्लाय म्हणजे बटरफ्लाय) एवढंच लिहिलं तर अर्थ लागत नाही. २५ यार्डांच्या तलावातली वेळ आणि ५० मीटरच्या तलावातली वेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा तलाव, स्पर्धा आणि तारीख लिहा. धावणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक वेळ द्यावी, हाताने स्टॉपवॉच दाबून घेतलेली नको. टेनिसपटूने यूटीआर (टेनिसमधलं रेटिंग) द्यावा. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, सुरुवातीलाच मुलाचा टी-शर्ट नंबर दाखवणारा, आणि गाणं न लावलेला. त्याखाली जीपीए, एसएटी किंवा एसीटीचे गुण, आणि एक स्पष्ट वाक्य: मला अधिकारी व्हायचंय, म्हणून मी या अकादमीकडे बघतोय. हे वाक्य नसेल तर कोच सावध होतो, कारण पहिल्याच उन्हाळ्यात सोडून जाणाऱ्या खेळाडूमागे घालवलेलं वर्ष त्याला परत मिळत नाही.

‘स्कॉलरशिप किती?’ हा प्रश्न पहिल्या फोनवर विचारू नका. इथे खेळाची स्कॉलरशिप नावाचा प्रकारच नाही. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्समध्ये प्रत्येक कॅडेटचं शिक्षण, राहणं, जेवण सरकार करतं, वर दरमहा पगारही मिळतो. बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षं सक्रिय सेवा द्यावी लागते. नाव आणि चेहऱ्यावर कमाई करण्याची जी मुभा इतर कॉलेजच्या खेळाडूंना मिळाली आहे, तीही कॅडेटना नाही. चार वर्षांत पदवी पूर्ण करायची असते, त्यामुळे ‘एक वर्ष राखून ठेवू, पाचव्या वर्षी खेळू’ हा हिशेबही सहसा जमत नाही. दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेल्यालाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

नॉमिनेशन कोच आणेल असं समजणं

कोस्ट गार्ड सोडून बाकी चारही अकादम्यांना नॉमिनेशन लागतं. तुमच्या भागाचा प्रतिनिधी-सभागृहातला खासदार आणि राज्याचे दोन सिनेटर, अशा तिघांकडे अर्ज करा. आर्मी, नेव्ही, एअर फोर्ससाठी उपराष्ट्राध्यक्षांकडेही करा. एकाकडेच करून बसणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. प्रत्येक कार्यालयाचा फॉर्म वेगळा, शिफारसपत्रं वेगळी, मुलाखत वेगळी, शेवटची तारीखही वेगळी. अर्ज साधारण अकरावीच्या वसंतात उघडतात आणि बारावीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बंद होतात, म्हणजे नेमके सीझन भरात असताना. मुलगा बोर्डिंग स्कूलमध्ये असेल तरी अर्ज आईवडिलांच्या कायमच्या पत्त्याच्या मतदारसंघातून करायचा. मुलाखतीत ‘मला तिथे टेनिस खेळायचंय’ हे उत्तर पाडतं. समितीला ऐकायचं असतं ते नेतृत्वाचं आणि सेवेचं, आणि कॅप्टनपदाचा अनुभव तिथे खरा उपयोगी पडतो.

कधीकधी प्रवेश विभागाकडून ‘लेटर ऑफ अ‍ॅश्युरन्स’ येतं. ती अपॉइंटमेंट नव्हे. नॉमिनेशन, वैद्यकीय मंजुरी आणि शारीरिक चाचणी पूर्ण झाली तर जागा देऊ, एवढाच त्याचा अर्थ.

अभ्यासाच्या बाबतीत एकच सांगणं. एनसीएएने पात्रतेसाठी एसएटी-एसीटीची अट २०२३ मध्ये काढली, बहुतेक अकादम्या मात्र ते गुण मागतात. परीक्षा अकरावीतच एकदा देऊन ठेवा, म्हणजे सुधारायला वेळ उरतो. कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स टाळू नका, कारण तिथे इतिहास घेणाऱ्यालाही पदवी विज्ञानाची मिळते आणि गणित-विज्ञानाचे विषय सगळ्यांनाच करावे लागतात.

खोकल्याचं औषध आणि वैद्यकीय फाइल

खेळाडू धडधाकट असतो, त्यामुळे वैद्यकीय तपासणीची भीती कुणालाच वाटत नाही. सर्वांत जास्त धक्के मात्र इथेच बसतात. संरक्षण खात्याचं मंडळ, ज्याला सगळे ‘डॉडमर्ब’ म्हणतात, ते शरीर आणि डोळे तपासतं आणि जुना इतिहास विचारतं.

एक नेहमीचं उदाहरण बघा. चौदा वर्षांची पोहणारी मुलगी. हिवाळ्यात बंद तलावाच्या क्लोरीनने खोकला होतो. डॉक्टर घाईत ‘व्यायामाने होणारा दमा’ असं लिहून इनहेलर देतात, ती चार वेळा वापरते आणि विसरते. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याची नोंद असणं हे अपात्रतेचं कारण आहे. तीन वर्षांनी तीच एक ओळ फाइल अडवते. म्हणून असं निदान होत असेल तेव्हाच डॉक्टरांना श्वसनाची रीतसर चाचणी करायला सांगा. दमा असेल तर औषध बिनदिक्कत घ्या, मुलाच्या श्वासापेक्षा कुठलीही अकादमी मोठी नाही. दमा नसेल तर तसा अहवाल हातात राहू द्या. एडीएचडीचं औषध, शेंगदाण्यासारख्या पदार्थाची गंभीर ॲलर्जी, गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया, आठपेक्षा जास्त नंबरचा चष्मा, रंग नीट न ओळखता येणं, हे सगळे मुद्दे निघतात. नेव्ही रंगदृष्टीबाबत फार काटेकोर आहे, कारण रात्री समोरचं जहाज कुठल्या दिशेने चाललंय ते त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून ओळखायचं असतं.

पत्र आल्यावर त्यातला शब्द नीट वाचा. ‘आणखी माहिती हवी’ म्हणजे नकार नव्हे, कागद पाठवले की काम पुढे सरकतं. ‘अपात्र’ आलं तरी सूट मिळू शकते. ती सूट डॉडमर्ब देत नाही, अकादमी देते, आणि मुलगा स्पर्धेत पुढे असेल तरच अकादमी त्याचा विचार करते. कोचला हे लगेच कळवा, इथे त्याने प्रवेश विभागाकडे टाकलेला शब्द कामी येऊ शकतो. शस्त्रक्रियेचे अहवाल, फिजिओथेरपी संपल्याची नोंद आणि डॉक्टरांचं ताजं पत्र एकाच फाइलमध्ये आधीपासून ठेवा. आणि काहीही लपवू नका. सन्मान-संहितेवर चालणाऱ्या संस्थेत खोटी सही करून आत जाणं ही सर्वांत वाईट सुरुवात आहे.

‘खेळाडू आहे, चाचणी सहज होईल’

सीएफए या प्रवेशासाठीच्या शारीरिक चाचणीत रोज दहा मैल धावणारी मुलंही अडखळतात. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणं, पुल-अप्स, शटल रन, पोटाच्या ताकदीची चाचणी, पुश-अप्स आणि शेवटी एक मैल धावणं, हे सगळं एकाच सत्रात, ठरलेल्या क्रमाने, मोजक्या विश्रांतीवर करायचं असतं.

पहिलाच प्रकार घ्या. गुडघे टेकल्यावर पायांची ताकद बाद होते, फेक सगळी कंबरेच्या पिळातून आणि खांद्यातून येते. धावणाऱ्या मुलाने हे कधी केलेलंच नसतं. चेंडू तळव्यातून सटकतो, किंवा वरून फेकण्याऐवजी छातीपासून ढकलला जातो. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, घडी केलेल्या टॉवेलवर गुडघे टेकून दहा-बारा फेकी करा. पुल-अपमध्ये प्रत्येक वेळी खाली येताना कोपर पूर्ण सरळ झालं पाहिजे. जिममध्ये पाय झटकून केलेले पंधरा इथे सहा-सात मोजले जातात. एक मैलाची सर्वोत्तम वेळ ताज्या पायांची असते, इथे पाच प्रकार करून थकलेल्या अंगाने धावायचं असतं. म्हणून खऱ्या चाचणीआधी किमान दोनदा पूर्ण क्रम घड्याळ लावून करून बघा. अकादमीची चालू वर्षाची सूचनापुस्तिका समोर ठेवा, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. चाचणी शाळेचा पीटी शिक्षक किंवा कोच घेऊ शकतो, आईवडील नाही. मोठ्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी ती ठेवू नका.

प्रेप स्कूलला नाक मुरडणं

कधी कोच सांगतो, यंदा थेट नाही, एक वर्ष प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे अकादमीच्या पूर्वतयारी शाळेत, जा. आर्मीची प्रेप स्कूल वेस्ट पॉइंटलाच आहे, नेव्हीची न्यूपोर्टला, एअर फोर्सची अकादमीच्या आवारात. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ ही धास्ती फार खोल आहे, त्यामुळे चांगल्या संधी नाकारल्या जातात. तिथे थेट अर्ज करता येत नाही, अकादमी आपल्या अर्जदारांमधूनच निवडते. म्हणून बोलावणं आलं तर गणित-इंग्रजी पक्कं करण्याचं आणि अंग कमावण्याचं ते वर्ष आहे असं समजा. त्या वर्षात पुन्हा नॉमिनेशनचे अर्ज करावे लागतात, हे मात्र बरेच जण विसरतात.

होकार देण्याआधी मुलाला एकदा तिथे रात्री बरॅकमध्ये राहू द्या, आणि सुटीच्या नव्हे, वर्ग भरतात अशा दिवशी. सकाळची फॉर्मेशन (रांगेतली हजेरी), वर्ग, प्रॅक्टिस, रात्रीचा अभ्यास असा एक अख्खा दिवस त्याने कॅडेटच्या मागे फिरून काढावा. पहिल्या उन्हाळ्याच्या सहा-सात आठवड्यांत फोन मोजकेच होतात, खेळाचा सराव मागे पडतो, वजन उतरतं, हे आईनेही आधीच ऐकलेलं बरं. दुखापतीने खेळ सुटला तरी मी इथे राहीन का, हे त्याने बरॅकमधून परतल्यावर स्वतः सांगावं. आणि एक तारीख घरात सगळ्यांना माहीत हवी: तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होण्याआधी अकादमी सोडली तर सेवेचं किंवा पैशांचं देणं लागत नाही, त्यानंतर लागतं.