शिलाई बांगलादेशात, कापड चीनचं: ओरिजिनचा दावा कस्टम्ससमोर कसा टिकवायचा

साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार) कराराखाली बांगलादेशातल्या तयार कपड्यांना २०११ पासून भारतात बेसिक कस्टम्स ड्युटी नाही. चीनमधून तोच टी-शर्ट आणला तर पूर्ण ड्युटी लागते. त्यामुळे मालाच्या मूळ देशाबद्दल, म्हणजे ओरिजिनबद्दल, प्रश्न येणार हे गृहीत धरूनच ऑर्डर द्यावी. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (मूळ देशाचा दाखला) जोडलं की काम झालं, हा जुना समज आता महागात पडतो. कस्टम्स कायद्याच्या कलम २८डीएमध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की सर्टिफिकेट दिल्याने आयातदाराची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. त्यासोबतचे कॅरोटार नियम (करारांखालच्या ओरिजिनची तपासणी कशी व्हावी हे सांगणारे) २१ सप्टेंबर २०२० पासून लागू आहेत.

ऑर्डरच्या आधीचा हिशेब

बांगलादेशाला साफ्टामध्ये अल्पविकसित देशाची सवलत आहे. बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाची किंमत एफओबीच्या (निर्यात बंदरात जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीच्या) ७० टक्क्यांपर्यंत चालते, आणि तयार मालाचं चार अंकी हेडिंग (कस्टम्सच्या वर्गीकरण यादीतला क्रमांक; पहिले दोन अंक प्रकरणाचे) त्या कच्च्या मालापेक्षा वेगळं असावं लागतं. दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हायला हव्यात. निटेड कापड साठाव्या प्रकरणात आणि त्याचा शिवलेला टी-शर्ट एकसष्टाव्यात, म्हणून हेडिंग बदलतंच. दावा पडतो तो बहुधा टक्क्यांवर.

समजा टी-शर्टची एफओबी किंमत ४ डॉलर आहे. चिनी कापड २.४५ डॉलर, दोरा, लेबल आणि इलॅस्टिक मिळून ०.४० डॉलर. बाहेरचा माल २.८५ डॉलर, म्हणजे ७१.२५ टक्के. मर्यादा २.८० डॉलरची होती. पाच सेंटांनी दावा गेला. कटिंगमधलं वाया जाणारं कापड पुरवठादार हमखास विसरतो. त्याने खरेदी केलेल्या एकूण किलोंवरून हिशेब करा, शिवलेल्या टी-शर्टातल्या कापडाच्या वजनावरून नाही.

अशा वेळी पुरवठादार म्हणतो, ‘एफओबी थोडी वाढवून दाखवतो.’ हे करू नका. बँकेतून गेलेली रक्कम आणि इन्व्हॉइस जुळत नाहीत, आणि एका वादाचे दोन होतात. खरा मार्ग कापड बदलण्याचा. तेच २.४५ डॉलरचं कापड भारतात तयार झालेलं असेल, तर प्रादेशिक संचयनाची (सदस्य देशांचा माल एकत्र मोजण्याची) तरतूद वापरता येते: सदस्य देशांचा मिळून वाटा किमान ५० टक्के आणि बांगलादेशाचा स्वतःचा किमान २० टक्के. वरच्या उदाहरणात बांगलादेशाचा वाटा २८.७५ आणि दोन्ही देशांचा मिळून ९० टक्के होतो. भारतीय कापडही भारतीय ओरिजिनचंच असल्याचा कागद मात्र लागतो.

कापडच आयात करत असाल तर अडचण दुसरी आहे. हलकं सुती कापड कोरं, रंगवलेलं किंवा छापील, तिन्ही ५२०८ या हेडिंगमध्येच बसतात. म्हणून चिनी कोरं कापड बांगलादेशात रंगवून आणलं, तर साफ्टाची हेडिंगची अट पूर्ण होत नाही, मग रंगाईवर कितीही खर्च झालेला असो. आग्नेय आशियाई देशांसोबतच्या आसियान करारात मात्र सहा अंकी सबहेडिंग बदललेलं आणि ३५ टक्के मूल्यवर्धन लागतं. तिथे ५२०८.११ (कोरं) चं ५२०८.३१ (रंगवलेलं) झालं तर बदल मोजला जातो. दोन करारांचे नियम एकमेकांत मिसळले की ब्रोकरही फसतात. इस्त्री, घडी आणि लेबल लावणं एवढ्यावर कोणत्याच करारात ओरिजिन मिळत नाही.

फाइलमध्ये काय हवं

कॅरोटार नियमांच्या फॉर्म १ मधली माहिती माल येण्याआधी तुमच्या हातात असली पाहिजे, आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) दाखल केल्याच्या तारखेपासून किमान पाच वर्षं जपली पाहिजे. सर्वांत उपयोगी कागद तीन: कापड आणि सुताची खरेदी बिलं (कारखान्याच्या देशातल्या आयात नोंदीसह), मापांसहित कॉस्टिंग शीट, आणि कटिंग-शिलाईचं उत्पादन रजिस्टर. महिन्याला पन्नास हजार नगांची क्षमता असलेल्या कारखान्याने दोन लाख नग पाठवले, तर कॉस्टिंग शीट कितीही सुबक असली तरी कोणी ऐकणार नाही. कॉलरवर जुनं लेबल उसवल्याची टाक्यांची भोकं दिसली, तर कंटेनर तिथेच अडकतो.

प्रयोगशाळेत तंतूचं प्रमाण आणि जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) कळतं. कापूस कुठे पिकला याच्याही खास चाचण्या आहेत. कापड कुठे विणलं हे मात्र कोणतीही चाचणी सांगत नाही, म्हणून वाद शेवटी कागदांवरच येतो.

माल निघताना

१७ मे २०२५ च्या अधिसूचनेनुसार बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरच्या चौक्यांतून आणता येत नाहीत; न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं उरली आहेत. समुद्रमार्गात कंटेनर वाटेत कोलंबोसारख्या बंदरावर बदलला जाऊ शकतो, आणि थेट पाठवणीचा, म्हणजे माल मूळ देशातून सरळ आला का, हा प्रश्न उभा राहतो. मूळ बंदरापासून न्हावा शेवापर्यंतचं एकच बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) घ्या. कंटेनर वाटेत उघडला नाही, माल बाजारात गेला नाही, हे दाखवता आलं पाहिजे.

बिल ऑफ एंट्रीत प्रत्येक आयटमसमोर ड्युटी सवलतीच्या अधिसूचनेचा क्रमांक, सर्टिफिकेटचा क्रमांक आणि तारीख, ओरिजिनचा निकष, संचयन वापरलं का आणि माल थेट आला का, हे भरा. दाखला देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणित न केलेली खाडाखोड असलेलं, मुदत संपलेलं किंवा नमुन्यात अपुरं सर्टिफिकेट पडताळणीशिवायच नाकारता येतं.

प्रश्न आल्यावर

अधिकाऱ्याने माहिती मागितली की दहा कामकाजाचे दिवस मिळतात. फाइल आधीच तयार असेल तर ते पुरेसे आहेत. तेव्हा पुरवठादाराकडे कागद मागायला लागलात तर दिवस तिथेच संपतात. उत्तर अपुरं वाटलं की प्रकरण निर्यातदार देशाच्या यंत्रणेकडे पडताळणीला जातं. करारात मुदत दिलेली नसेल तर त्यांना ६० दिवस मिळतात. तोवर माल गोदीत सडवू नका: ड्युटीच्या फरकाइतकं तारण देऊन तो तात्पुरत्या आकारणीवर (अंतिम ड्युटी नंतर ठरेल या अटीवर) सोडवण्याचा अर्ज करा. डेमरेज (माल गोदीत पडून राहिल्याचा आकार) बहुधा बँक गॅरंटीपेक्षा महाग पडतं.

दावा फेटाळला तर फरकाची ड्युटी आणि व्याज भरावं लागतं. दडवादडवी सिद्ध झाली तर ड्युटीइतका दंड होतो आणि मागणी पाच वर्षं मागे जाऊ शकते. त्याच उत्पादकाचा तसाच माल पुढे कोणीही आणला, तरी नव्या पडताळणीशिवाय नाकारला जाऊ शकतो. आदेशाविरुद्ध आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं, आणि त्यासाठी वादातल्या रकमेच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. कॉस्टिंग शीट मुळातच ७० टक्क्यांच्या वर असेल तर हे पैसे अपिलात घालू नका. पुढच्या खेपेला पूर्ण ड्युटी धरून भाव ठरवा.