पाच की सहा? ८० सें.मी.च्या पहिल्या शोआधी

महालक्ष्मीच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या ठिकाणी किंवा पुण्याच्या आसपास, नोकरी सांभाळून क्लबच्या घोड्यावर शो जंपिंगचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेचा, सराव करणाऱ्यांसाठी हे आहे. अडथळ्याचा लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, पोल पडला की ४ पेनल्टी, घोड्याने उडी नाकारली तर पहिल्या नकाराला ४, पडलात की बाद, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

घात होतो कोर्स वॉकमध्ये, म्हणजे राउंडआधी अडथळ्यांमधलं अंतर पायी चालून मोजताना. ९० सें.मी.चं एक पाऊल, चार पावलांची घोड्याची एक स्ट्राइड (दौडीतली एक झेप), उतरायला दोन पावलं, टेकऑफला दोन, एवढं सगळ्यांना पाठ असतं. दोन अडथळ्यांत २४ पावलं भरली की 'पाच स्ट्राइड' म्हणून मोकळे होतात. पण ते पाच ३.६ मीटरची मोकळी स्ट्राइड टाकणाऱ्या घोड्याचे. क्लबचा शांत घोडा अनोळखी रिंगमध्ये, खोल वाळूत, सहज सव्वातीन मीटरवर येतो. ८० सें.मी.ला उडीही छोटी. दोन्हीकडे दीड-दीड मीटरच जातं. २१.६ मधून ३ गेले, उरले १८.६. भागिले सव्वातीन: पावणेसहा!

आता पाच डोक्यात धरून आत गेलात की तिसऱ्या स्ट्राइडला जाणवतं, पोहोचत नाही. मग टाचा मारणं सुरू. घोडा लांबून उडतो आणि ऑक्सरचा (पुढे-मागे पोल असलेल्या रुंद अडथळ्याचा) मागचा पोल खाली येतो. त्याहून वाईट म्हणजे तीन स्ट्राइड पळवून ऐनवेळी लगाम ओढणं. घोडा अडथळ्याच्या पायाशी येतो. पुढचा पोल तरी जातो, नाहीतर सरळ नकार.

निर्णय आधीच्या कोपऱ्यात व्हायला हवा. पाच हवेत तर पेस (वेग) कोपऱ्यातूनच आणा. सहा हवेत तर पहिल्या अडथळ्यावरून उतरल्यावर लगेच पहिल्या दोन स्ट्राइडमध्येच सावरा, नंतर हात शांत. कोपराही चालून बघा, जिथून वळणार अगदी तिथून. आतून कापलेल्या वळणावर पेस मरतो. दोन अडथळ्यांची लाइन रिंगच्या गेटच्या दिशेने असेल तर उलटं, तिकडे घोडा आपणहून लांबतो.

आपला घोडा पाचाचा की सहाचा हे घरीच कळतं. जमिनीवर दोन पोल २४ पावलांवर ठेवा आणि रोजच्या कँटरने (मध्यम दौडीने) जाऊन मधल्या स्ट्राइड मोजा. न ढकलता पाच आल्या तर छान. सहाव्या स्ट्राइडला जागा मागत असेल तर शोमध्येही सहाच धरा. त्यात कमीपणा काही नाही, ८० सें.मी.ला सहा स्ट्राइडने क्लिअर राउंड (एकही पेनल्टी नसलेला) होतो.

'पाचच मार, बघून घेऊ' म्हणणाऱ्या कोचबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जो तुमच्यासोबत कोर्स चालत नाही, तो कठड्यावरून 'लेग, लेग' (पायाने दाब दे) ओरडण्यापुरताच. शिवाय राउंड चालू असताना बाहेरून मदत केली तर तुम्हीच बाद होऊ शकता. आदल्या दिवशी कडक बिट (घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी) घालणं हाही तसलाच शॉर्टकट. आखडलेल्या घोड्याची स्ट्राइड अजून छोटी होते.

वॉर्म-अपला आठ-दहा उड्या पुरे, शेवटची ऑक्सरवर.

घाबरू नका, सुरुवातीच्या घंटेनंतर ४५ सेकंद असतात. त्यात कँटर लावा, एका लांब बाजूने मोकळा जाऊ द्या, मग स्टार्टकडे वळा. घंटेआधी पहिला अडथळा घेतलात तर बाद, आणि शेवटच्या उडीनंतर फिनिशच्या झेंड्यांमधून न जाता रिंगबाहेर पडलात तरी बाद.